जाऊन येतो

श्रद्धाने फळ्यावर 'जपान : १९४४' लिहिलं आणि तिच्या हातातला खडू मोडला.

"मॅडम, हे सरांनी घेतलंय," पहिल्या बाकावरून ऋतिका म्हणाली. "शेवटचं हेच घेतलं."

अंबरनाथच्या या कॉलेजात बारावीला जगाचा इतिहास शिकवणारे चिंतामणी सर म्हणजे तिचे वडील. गेल्या महिन्यात एका शुक्रवारी दुपारी, स्टाफरूममधल्या खुर्चीतच ते गेले. उरलेला जपान तुम्ही संपवून द्याल का, असं कॉलेजने विचारलं, तेव्हा तिला नाही म्हणता आलं नव्हतं.

त्या सकाळी मांजर्लीच्या घरातून निघताना बाबा दारात थांबून म्हणाले होते, "जातो गं."

येतो नाही, जातो. आयुष्यात पहिल्यांदाच. ती आत केस विंचरत होती. तिने ऐकलं, फणी क्षणभर थांबली आणि पुन्हा चालू लागली. तेव्हापासून तो शब्द घरातून हलला नव्हता. संध्याकाळी ती कडी लावायला गेली की तो दारापलीकडे उभा असायचा. बाबांना आधीच कळलं होतं का?

"काय सांगितलं सरांनी?"

"जपानी लोक घरातून निघताना 'जाऊन येतो' म्हणतात. आपल्यासारखंच," ऋतिका म्हणाली. "पण विमानासकट बोटीवर आदळायला निघालेली ती पोरं नुसतं 'जातो' म्हणायची म्हणे. मग सरांनी होमवर्क दिला. उद्या घरी 'जातो' म्हणा आणि काय होतं ते बघा."

"आजीने मला चपला काढायला लावल्या," वरद म्हणाला. "आत बसवलं, पाणी पाजलं, मग सोडलं. रिक्षा गेली ना माझी."

वर्ग हसला. श्रद्धा टेबलाला टेकली. होमवर्क. कितीतरी दिवसांनी तिचे खांदे सैल झाले.

"सरांनी पण केलं," ऋतिका जरा चाचरत म्हणाली. "तुम्हाला ऐकू गेलं नसेल म्हणाले. नळ चालू होता."

"मी बोललो, सर, शुक्रवारी मांजर्लीत कुठला नळ? त्या दिवशी पाणी बंद, आमच्याकडे ठणठणाट असतो," वरद म्हणाला.

ऋतिकाने वरदला कोपर मारलं.

"मग?" श्रद्धाने विचारलं.

"काही नाही. हसले. फळा पुसायला लागले."

घंटा झाली. श्रद्धाने डस्टर उचललं, तसंच खाली ठेवलं आणि पर्स घेतली.

"चला, जाते."

"येते म्हणा, मॅडम," वरद सवयीने बोलून गेला.

ती दारात थांबली. मग मागे फिरली आणि वर्गातल्या टेबलामागे, बाबा बसायचे त्या खुर्चीत येऊन बसली. ऋतिकाने दप्तरातून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि तिच्यापुढे धरली.