दारामागचं स्टूल

घरात खोल्या तीन होत्या, दारं चार, खिडक्या पाच. एक पलंग, एक चाकांची खुर्ची, दोन कपाटं, सात मिनिटं पुढे असलेलं भिंतीवरचं घड्याळ, आणि बाहेरच्या दारामागे एक स्टूल. संगणकातल्या घरातही नेमकं एवढंच होतं. धाकटीने मोजपट्टी घेऊन स्वतःचं घर मोजलं होतं आणि ते जसंच्या तसं गेममध्ये उतरवलं होतं. घड्याळसुद्धा सात मिनिटं पुढे.

गेमची गोष्ट साधी. अंथरुणाला खिळलेली आई, तिची मुलगी आणि बाहेरचं दार. खेळणारा म्हणजे ती मुलगी. औषधं द्यायची, आईची कूस बदलायची, पाणी तापवायचं, आईशी बोलायचं. बोलण्याच्या वाटा एकशे बारा. आणि वाटेल तेव्हा दारातून निघून जायचं. दाराजवळ पाऊल पडलं की आतून हाक येते: "अगं, ऐकलंस का?" मागे वळलं की दिवस पुढे सरकतो. तीन हाका होऊनही हात दाराच्या मुठीवरच राहिला, तर दार उघडतं आणि गेम संपतो.

धाकटीने आणि तिच्यासोबत गेम करणाऱ्या चित्रकाराने तेवीस जणांना तो खेळायला दिला होता. दारातून बाहेर पडलेले: शून्य.

धाकटी पदार्थविज्ञान शिकलेली. शून्य हा आकडा तिला फार स्वच्छ वाटला. माणसाला सुटता येत नाही, खोट्या घरातूनही नाही, असा त्याचा अर्थ तिने लावला. तो अर्थ तिला सोयीचाही होता. तिची स्वतःची आईही अंथरुणाला खिळलेली होती. दूरच्या शहरातल्या एका संस्थेने तिला नऊ महिन्यांसाठी बोलावलं होतं. राहायला खोली, बसायला टेबल, गेम पुरा होईपर्यंत मदत. उत्तर आज संध्याकाळी पाचपर्यंत द्यायचं होतं. "मला येता येणार नाही" असं पत्र तिने सकाळीच लिहून ठेवलं होतं.

दुपारी चित्रकाराचा फोन आला.

"पाठवलंस?"

"अजून नाही."

"मग नको पाठवूस. दादा आईला घेऊन जातो म्हणालाय ना?"

"दादा म्हणतो. दादाने आयुष्यात आईची कूस बदलली आहे का कधी?"

"शिकेल की. तू काय पोटातून शिकून आली होतीस?"

"तेवीसपैकी शून्य," ती म्हणाली. "तूच काय ते समज."

"त्यातल्या तिघांनी दार अडतंय असं लिहिलं होतं बरं का."

"आणि तू त्यांना काय उत्तर दिलंस? 'अडतं ते तुमचं मन.'"

"वाक्य झकास होतं, म्हणून दिलं," चित्रकार म्हणाला.

फोन ठेवून तिने गेम लावला. दाराजवळ गेली. हाक आली, "अगं, ऐकलंस का?" आणि धाकटी ताडकन उठून आतल्या खोलीत गेली.

आई छताकडे बघत पडली होती. "काय?"

"हाक मारलीस ना?"

"मी नाही मारली. आज चौथ्यांदा येतेस." आईने डावा हात उशीखाली सरकवला. उजवी बाजू दोन वर्षांपूर्वी गेली होती. जीभ मात्र होती तशी शाबूत होती. "मी इथे मुकाट पडलेय, तर माझ्या आवाजात बोंबलतंय कोण?"

धाकटीला सांगावंच लागलं. हाक आईचीच होती. वर्षभरापूर्वी एका सकाळी फोनवर टिपून घेतलेली. पुढे कुणा नटीकडून नीट म्हणवून घेऊ, तोवर चालवून घेऊ म्हणून घातलेली, ती तशीच राहिली होती.

"आणि ती ऐकून तू दर वेळी इकडे पळत येतेस?"

"काय करणार? खरी कुठली, खोटी कुठली, कळतच नाही."

"म्हणजे त्या दारातून तू स्वतः कधी बाहेर गेलीच नाहीस."

वर्षभरात तिने तो गेम शेकडो वेळा लावला होता. एकदाही तिसऱ्या हाकेपलीकडे पोचली नव्हती.

"खुर्ची आण," आई म्हणाली. "बघू दे आमच्या शास्त्रज्ञबाईंचं घर."

आई नगरपालिकेत आरेखक होती. अठ्ठावीस वर्षं तिने लोकांच्या घरांचे नकाशे काढले आणि तपासले होते. जिना कुठे चुकला, न्हाणीघराला खिडकी कुठे विसरली, हे ती एका नजरेत सांगायची. धाकटीने तिला पडद्यासमोर आणून बसवलं. आई बराच वेळ नुसती बघत राहिली.

"पलंग बरोबर. कपाट बरोबर. घड्याळ तेवढं तरी सुधारायचं होतंस." मग ती म्हणाली, "दार उघडून दाखव."

"तीन हाकांशिवाय उघडत नाही."

"मग होऊ देत की तीन. मी इथेच आहे, पळायचं कशाला?"

पहिली हाक आली. धाकटीचे पाय खुर्चीखाली आपोआप हलले. दुसरी आली. तिसरी. तिने मूठ फिरवली. दार बोटभर सरकलं, ठक् असा आवाज झाला आणि ते थांबलं. तिने पुन्हा फिरवली. पुन्हा ठक्.

"आत उघडतंय," आई म्हणाली.

"काय?"

"आपलं दार बाहेर उघडतं. म्हणून त्याच्यामागे स्टूल चालतं. हे आत उघडतंय, मग स्टुलावर आपटणारच. हे दार कुठून आणलंस?"

दार तयार आणलेलं होतं. गेमसाठी लागणाऱ्या वस्तू तयार मिळतात. भिंती, पलंग, घड्याळ तिने स्वतः घडवलं होतं आणि दार तेवढं उचलून बसवलं होतं. स्टूल मात्र मोजून ठेवलेलं. आई झोपली की नाही याचा कानोसा घ्यायला ती रोज त्याच स्टुलावर बसायची.

"असा नकाशा कुणी माझ्याकडे आणला असता, तर तोंडावर फेकला असता," आई म्हणाली. "आग लागली तर माणसं आतच राहायची."

धाकटीने तेवीस जणांच्या नोंदी उघडल्या. दाबलेलं प्रत्येक बटण त्यांत होतं. तिने आजवर फक्त बाहेर पडलेल्यांचा रकाना पाहिला होता. आता तिसऱ्या हाकेनंतर मूठ कुणी कुणी फिरवली, ते तिने मोजलं. एकोणीस जणांनी. एकाने सेहेचाळीस वेळा.

तिने पुन्हा मोजलं. एकोणीसच.

कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवलं होतं: यंत्र चालतं की नाही हे आधी बघा, मग आकड्यावर विश्वास ठेवा. ती शेजारच्या टेबलावरच्यांच्या असल्या चुका काढायची.

"बदलता येतं का ते?" आईने विचारलं.

"एक चिन्ह बदलायचं. नव्वद अंशाच्या जागी उणे नव्वद."

"मग कर."

तिने केलं. अर्धं मिनिटही लागलं नाही. पडद्यावर बाजूच्याच खिडकीत पत्र उघडं होतं, ते आईने वाचलं असावं. भिंतीवरच्या घड्याळात चार पन्नास झाले होते.

"पाचपर्यंत ना?" आई म्हणाली.

"तुला कुणी सांगितलं?"

"दादाचा फोन मलाही येतो. तू मला विचारलंस का एकदा तरी?"

"तू 'जाऊ नको' म्हणणार नाहीस, हे मला माहीत होतं. म्हणून नाही विचारलं."

आईने डावा हात पुढे केला. "दे इकडे. मी खेळते."

"तुला जमणार नाही आई, बटणं..."

"बाजूला हो."

आईने औषधं दिली नाहीत. पाणी तापवलं नाही, एकशे बारा वाटांपैकी एकीलाही हात लावला नाही. एका बोटाने बटण दाबत, भिंतीला दोनदा धडकत, ती पडद्यातल्या मुलीला दाराकडे घेऊन गेली. आतून तिचाच आवाज आला, "अगं, ऐकलंस का?" आईने मान किंचित तिरकी केली, अनोळखी माणसाचा आवाज ऐकावा तशी. मग बोट पुन्हा दाबलं. दुसरी हाक आली. शेजारी उभ्या धाकटीने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

तिसरी आली.

"ऐकलं गं बाई, ऐकलं," आई म्हणाली, आणि तिने मूठ फिरवली. दार बाहेर उघडलं.

पडद्यावर नोंद उमटली. खेळाडू क्रमांक चोवीस. वेळ: दोन मिनिटं चौदा सेकंद. हाका: तीन. मागे वळणं: शून्य.