भेगेतली हालचाल

इमारत विकली गेल्याची बातमी तिसऱ्या मजल्यावर काटेबाईंपर्यंत पोचायला आठ दिवस लागले. बातम्याही जिना चढून दमत असाव्यात.

काटेबाई म्हणजे प्रयोगशाळांचे आणि सोनारांचे नाजूक वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या बाई. बाजारपेठेतल्या त्या जुन्या इमारतीत त्यांची एक खोली होती, सव्वीस वर्षं. मागच्या जाड भिंतीत बसवलेल्या दगडी फळीवर त्यांचा प्रमाणकाटा, बाकीचे काटे ज्याच्याशी ताडून पाहायचे तो, उभा असे. रस्त्यावरून मालाची गाडी गेली तरी तिथे काटा थरथरत नसे. अशी जागा शहरात दुसरी मिळाली नसती. त्यांनी शोधून पाहिली होती.

तळमजल्यावर घड्याळवाले होते. "माझेही काटे, तुमचेही काटे," ते म्हणायचे. "फरक एवढाच, ताई, माझे फिरले की गिऱ्हाईक खूश, तुमचे थांबले की."

नव्या मालकापुढे दोन वाटा होत्या: इमारत डागडुजी करून जुन्या भाडेकरूंसकट ठेवायची, नाहीतर पाडून काचेचा मनोरा उभारायचा. निकाल लागायचा होता तो मागच्या भिंतीतल्या एका भेगेवर. ही भेग काटेबाईंच्या खोलीतून, खिडकीच्या कोपऱ्यापासून छतापर्यंत गेली होती. तरुण इंजिनियर आला आणि त्याने भेगेवर आडवी काचपट्टी चिकटवली. "दोन महिने, मावशी. काच तडकली तर समजायचं, भिंत हलतेय. जरा लक्ष ठेवा."

एकेक करून गाळे बंद झाले. घड्याळवाले मुलाकडे राहायला गेले. जाताना म्हणाले, "निकाल लागला की परत येतोच. मुलाच्या घरी सगळी घड्याळं बरोबर चालतात. करू काय मी तिथे?" दर रविवारी मात्र त्यांचा फोन यायचा.

लक्ष ठेवा म्हटल्यावर काटेबाईंनी ठेवलं. काचपट्टी त्यांना फार ढोबळ वाटली. त्यांनी भेगेच्या दोन्ही बाजूंना पितळी खिळे बसवले आणि रोज सकाळी आठ आणि दुपारी तीन वाजता मायक्रोमीटरने अंतर मोजलं. भेग सकाळच्या गारव्यात रुंदावत होती, भिंत तापली की तेवढीच मिटत होती. फरक दोन शतांश मिलिमीटर, केसाच्या पाव जाडीएवढा. इतर कुणाला भिंत दिसली असती. काटेबाईंना वाटलं, खोलीत आपल्याखेरीज आणखी कुणीतरी श्वास घेतंय. त्या सकाळी लवकर येऊ लागल्या.

दोन महिन्यांनी काच शाबूत होती. भाडेकरूने भरायचा एक फॉर्म आला. त्यात एकच प्रश्न होता: 'भेगेत हालचाल आढळली का? होय / नाही.' काटेबाईंनी क्षणभरही विचार न करता 'होय'वर खूण केली, मोजमापांची अकरा पानं जोडली, सही केली आणि पाकीट पाठवून दिलं.

आठवड्याने इंजिनियर धापा टाकत वर आला.

"मावशी, हे काय लिहून बसलात?"

"जे मोजलं ते."

"अहो, पण ही हालचाल नाही! ऊन-थंडीने सगळ्याच भिंती करतात हे. माझा अहवाल चांगला होता. मालकाचा माणूस म्हणतो, आत बसणारी बाईच सांगतेय भिंत हलते, मग तुम्ही कोण?"

"अकरा पानं जोडली होती."

"पानं कोण वाचतं? त्याने खूण पाहिली." त्याने बॅगेतून कोरा फॉर्म काढून दगडी फळीवर ठेवला. "उद्या दुपारपर्यंत बदलून घेतील. बाकी कुणी उरलंच नाही इथे, तुमच्या एकट्यांच्या खुणेवर आलंय सगळं."

काटेबाईंनी त्याला चहा दिला. किती आठवड्यांनी त्या स्टुलावर कुणी बसलं होतं. त्यांनी पेन उघडलं, फॉर्म वाचला, पुन्हा वाचला.

"इथे तिसरा चौकोन नाही."

"नाही ना. म्हणून तर म्हणतो, 'नाही' करा."

"'नाही' म्हणजे शून्य. आयुष्यात कुठलाही काटा मी शून्य लिहून परत दिलेला नाही. किती चुकतो, ते लिहिते."

"मावशी, हा काटा नाही हो. तुमची खोली आहे."

ते त्यांना कळत होतं. पेनचं टोक 'नाही'वर जाऊन टेकलंसुद्धा; तिथे शाईचा एक ठिपका पडला. मग दोन्ही शब्दांच्या मधल्या जागेत त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं: 'होते, आणि पूर्ण परत येते.'

इंजिनियरने वाचलं. "याचं 'होय'च धरणार ते."

"माहीत आहे."

"मग?"

"आणखी अर्धा कप घेणार?"

त्याने घड्याळाकडे पाहिलं, नको म्हणाला, आणि फॉर्म काळजीपूर्वक बॅगेत ठेवला. जिन्यावरची त्याची पावलं अगदी रस्त्याच्या दारापर्यंत ऐकू आली. मध्ये दुसरा कुठला आवाजच नव्हता.

काटेबाईंनी स्वतःहून घड्याळवाल्यांना फोन लावला. सगळं सांगितलं, आकड्यांसकट.

"एक खूण, ताई," ते म्हणाले. "माझ्यासाठी तरी."

"तुमच्यासाठी ठिपका पडला होता."

ते हसले नाहीत. "बरं. मग गाळ्याची किल्ली देऊन टाकतो उद्या," म्हणाले आणि फोन ठेवला. पुढच्या रविवारी तो वाजला नाही.

खोली रिकामी करायची नोटीस महिन्याच्या आत आली. काटेबाईंनी पारडी उतरवून कापसात गुंडाळली, दांडी काढली. राहिली काट्याभोवतीची काचेची पेटी. ती सरळ उचलायची तर दोन माणसं लागतात, एक इकडून, एक तिकडून. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग स्क्रूड्रायव्हर घेतला आणि पेटीच्या काचा एकेक करून सोडवायला बसल्या. चार बाजूंच्या चार आणि वरची एक. प्रत्येक काच वर्तमानपत्रात गुंडाळून त्या तीन मजले उतरल्या आणि पुढच्या काचेसाठी पुन्हा चढल्या.