इतवारीबाबाच्या बरण्या

धानाची रोवणी ऐन भरात आलेली, पण गोंडपिपरीकडच्या त्या गावात शेतातल्या बांध्या ओस पडल्या होत्या. सगळ्या बाया इतवारीबाबाच्या मांडवात. समोर टेबल, टेबलावर काचेच्या बरण्या, प्रत्येक बरणीत एक बेडूकमासा आणि वर चिकटवलेलं रोग्याचं नाव.

“शेपटी म्हंजे बिमारी!” बाबा गरजला. “पाय फुटन, शेपटी जिरन, बिमारी जिरन! तवरक दवाखाना बंद. गोळी खाल्ली का शेपटी डबल!”

गर्दीनं हात जोडले. बाबाच्या देवाला दवाखान्याचं भारी वावडं. स्वतःचा चष्मा मात्र बाबा चंद्रपूरच्या डॉक्टरकडूनच करून आणायचा.

सत्यशीलाच्या मांडीवर खुशबू निपचित पडली होती. पाच वर्षांची पोर, सिकलसेल या रक्ताच्या आजाराची. अंग तव्यासारखं तापलेलं. अशा लेकराला ताप आला की घरी क्षणभर थांबायचं नाही, असं नर्सबाईनं बजावलं होतं. पण सासू सुगंधाबाई बरणीवर डोळे लावून बसली होती. कालच तिनं नातीच्या नावाची बरणी मांडली होती. तेव्हा आत नुसता शेपटीवाला मासा.

बाबानं बरणीवरचं लाल फडकं ओढलं. माशाला मागचे दोन पाय!

“फुटले वो बाई, पाय फुटले!” सुगंधाबाई ओरडली.

“आई, लेकरू जळून राह्यलं. चाला दवाखान्यात.”

“काऊन घाई करून राह्यली? पाय आले ना! उद्या शेपटीबी जाईन.”

सत्यशीलानं पोर सासूच्या मांडीवर दिली आणि कपाळावर ठेवायची पट्टी भिजवायला पाणी शोधत ती मांडवामागे गेली. तिथं ताडपत्रीच्या सावलीत अर्धे कापलेले निळे ड्रम ओळीनं मांडलेले. पहिल्यात नुसत्या शेपट्या. पुढच्यात मागचे पाय फुटलेले. त्याच्या पुढच्यात चारही पाय. निवळ पाणी, दाटी नाही, खायला उकडलेली पालकाची पानं. शेवटच्या ड्रमात पाण्याबाहेर डोकं काढणारा एक उतरता दगड.

ती बघत राहिली. मग तिनं ताडपत्रीची दोरी सोडली. मांडवाची मागची बाजू धाडकन उघडी पडली.

“आई, इकडं पाहा! हे काय होय?”

“हात नोका लावू!” बाबा धावला. “हे… हे बरे झालेल्याइचे मासे होत!”

“मंग त्याइले शेपट्या काऊन हायेत, बाबा?”

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं.

“आई, तुमी जल्मभर रोवणी केली. काल पऱ्हे रोवले अन् आज लोंबी आली, असं कोनी म्हनलं त?”

“चपलेनं हाणीन त्याले,” सुगंधाबाई बोलून गेली आणि थबकली. तिनं ड्रमाकडे पाहिलं, मग बरणीकडे. वाफ्यात वाढवायचं, तिथून उपटायचं, बांधीत लावायचं. “म्हंजे हा गडी फडक्याखाली एक उपटते अन् दुसरा रोवते?”

“माह्या बुढ्याची बीपीची गोळी बंद केली ना ह्याच्यापायी!” गर्दीतली चंदा ओरडली.

“भक्तहो, श्रद्धा ठेवा…”

“ठेवलीच होती,” सत्यशीला म्हणाली. तिनं शेवटच्या ड्रमातला दगड उचलून धरला. “लहानपणी मी तगारीत बेडूकमासे पोसले होते. पाय आल्यावर बाहेर चढाले जागा नाई भेटली त ते बुडून मरते. ह्या बाबाले हे बरोबर ठाव हाये. बेडकासाठी दगड ठेवला यानं. अन् माह्या लेकरासाठी दवाखाना बंद!”

बाबा चपला शोधू लागला. त्या कुणीतरी लपवल्या होत्या.

सुगंधाबाईनं नातीला खांद्यावर टाकलं आणि गर्दीतल्या ऑटोवाल्याला हाक मारली. “धनराज, ऑटो काढ बाप्पा! लवकर काढ!”

खुशबूच्या छातीत संसर्ग झाला होता. सलाईन लागलं, औषधं सुरू झाली. “अजून उशीर केला असता तर पोर हाती लागली नसती,” डॉक्टर म्हणाले. सुगंधाबाई नातीचं पाऊल मुठीत धरून बसली होती. ताप उतरेपर्यंत तिनं ते सोडलं नाही.

बेडूकमाशाची शेपटी जिरते ती त्याच्या स्वतःच्या वाढीनं. त्याला आपल्या दुखण्याची खबरही नसते. म्हणून चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी मांडवामागे एक चक्कर मारून या. आणि लेकरू तापानं फणफणत असेल, तर तीही चक्कर राहू द्या. आधी दवाखाना गाठा.