नवाने भागून पाहा

बी.कॉम.चा अकाउंट्सचा पेपर भैरवी तिसऱ्यांदा देत होती. आताही राहिला, तर सदर भागातल्या एका ऑफिसात ठरलेली नोकरी जाणार होती. दहा मिनिटं उरली आणि ताळेबंदात मालमत्तेची बाजू सहाशे तीसने जास्त भरली. समोर 'किरकोळ देणी' लिहून फरक झाकावा, म्हणून तिने पेन टेकवलं.

तेवढ्यात शिकवणीचे रामाजी सर आठवले. "घाबरतं काहून वं? फरकाले नवानं भागून पाह्य. भाग गेला, तर दोन आकडे उलटे लिहिले असतीन."

भाग गेला. ती प्रश्नपत्रिकेतली एकेक रक्कम ताडून पाहू लागली. फर्निचर ७,१८०, तिने लिहिलं होतं ७,८१०.

"वेळ झाली, पेपर दे वं," पर्यवेक्षक बाई जवळ आल्या.

"मॅडम, एकच बेरीज!"

"मागच्यांचे पेपर घेऊन येते. तोवर लिही."

बाई परतल्या, तेव्हा भैरवी जुळलेल्या दोन्ही बेरजांखाली रेघ ओढत होती.