रघुबुवांच्या खोलीतला पॉइंट

मांडवाच्या खांबांवर भर दुपारी निळे-हिरवे दिवे लुकलुकत होते.

*

टेंभी नाक्याजवळच्या दुकानदारानं टेस्टर रचनापुढे सरकवला होता. "मिस्टरांना सांगा, हा टिकेल."

*

रबरी पिशवी. दाबायची, सोडायची. दाबायची, सोडायची.

*

खिडकीजवळच्या माणसाच्या पायाची नखं. नीट कापलेली. आदल्या दिवशीच कुणीतरी मायेनं कापली असावीत.

*

"सिस्टर, हा तुमचा विषय नाही."

*

"आली गो बत्तीवाली!" सखुबाईंनी ओटीवरून आत हाक दिली आणि रचनाच्या हातातली हत्यारांची पिशवी स्वतःच ओढून घेतली. "बरा झाला आलीस. आज नातीची हलद. डीजे लागल, नि मानपाड्याची बत्ती जाल. म्हाताऱ्याचा मिशिन बंद परला तं?"

"नाही पडणार, आजी. म्हणून तर इन्व्हर्टरचा वेगळा पॉइंट दिलाय."

"दिलास. पन बत्ती घालवून बघलास का?"

 म्हातारीनं नेमकं बोट ठेवलं होतं. मागच्या खेपेला रचनानं वायर ओढली, बोर्ड बसवला, सखुबाईंच्या मुलाला, कमलेशला, ठणकावून सांगितलं, "या पॉइंटची लाइट जाणार नाही." मग पिशवी उचलून निघून आली. मेन बंद करून बघायचं तेवढं राहिलं. राहिलं कसलं, तिनं राहू दिलं.

डोंबिवलीतल्या कितीतरी घरांचे मेन ती बेधडक पाडायची. फक्त ज्या घरात कुणी यंत्रावर श्वास घेत असेल, तिथं हात खटक्यापर्यंत जाऊन थबकायचा.

ठाण्यातल्या एका लहानशा हॉस्पिटलात ती सिस्टर होती. एका दुपारी वीज गेली, जनरेटर लागला, दिवे आले. खिडकीजवळच्या माणसाचं यंत्र मात्र सुरू झालं नाही. जनरेटरवर चालणाऱ्या लाल बोर्डात कुणीतरी मोबाइलचा चार्जर लावला होता आणि यंत्राची पिन साध्या बोर्डात गेली होती. अंधुक उजेडात हे कुणाच्या ध्यानात येईपर्यंत रचना त्याच्या तोंडावर मास्क धरून रबरी पिशवी दाबत राहिली. डॉक्टर जिन्यानं धावत आले, तरी दाबत होती. त्यांनी तिचा हात धरून थांबवला.

तिला कुणी बोल लावला नाही. नंतर तिनं तिथल्या इंजिनिअरला एवढंच विचारलं, कुठली वायर कुठून येते? तो म्हणाला, हा तुमचा विषय नाही. तेव्हा तिनं तो आपला विषय केला. नोकरी सोडली, वायरमनचा कोर्स केला. नवरा विनीत अजून चिडवतो, "लोक सिस्टर म्हणून मान द्यायचे. आता स्टुलावर चढून ट्यूबलाइट बदल."

त्या माणसाचं नाव तिला आठवत नाही. पण कुठंही मेन पडला, पंखा गरगरत थांबला, की त्या शांततेत तो श्वास मागतो. मग तिची डावी मूठ उघडझाप करू लागते. "आले हं," ती मनात म्हणते.

आतल्या खोलीत सखुबाईंचे नवरे, रघुबुवा, उशांना टेकून बसले होते. नाकात नळी, उशाशी घुरघुरणारं ऑक्सिजनचं यंत्र. उभा जन्म मिठागरात गेलेला. पायांना अजून भेगा होत्या.

"बुवा, जरा वेळ लाइट बंद करणार आहे. मशीन थांबणार नाही."

"कर की. मी कुठं चाललंव?"

तिनं ऑक्सिजनचा सिलिंडर पलंगाशी आणवला, चावी फिरवून पाहिली. मग पडवीत गेली. बाहेर डीजे सुरू झाला होता. तिथून दारातून बुवा दिसत होते. तिनं मेन खाली ओढला.

पंखा मंदावला. यंत्र घुरघुरलं, अडखळलं. इन्व्हर्टरनं तीन-चार कर्कश हाका मारल्या आणि तो गप्प झाला. बुवांच्या उशाशी यंत्राची लांबलचक शिटी सुरू झाली.

डावी मूठ मिटली, उघडली. हवेतच.

"गो!" सखुबाई ओरडल्या.

तेवढ्यानं ती हलली. मेन वर करायचं तिला सुचलंच नाही. पुढे धावले ते सिस्टरचे हात. नळी यंत्रातून काढली, सिलिंडरला लावली, चावी सोडली. बुवांच्या छातीवर तळवा ठेवून ती वाकून उभी राहिली. छाती वर आली. खाली गेली. परत वर आली.

मग तिनं मेन चढवला आणि कपाटामागे टॉर्च मारला. तिच्या पॉइंटवर, यंत्राच्या पिनेशेजारच्या भोकांत, आगपेटीच्या काड्या खुपसून, दोन उघड्या तारा घट्ट बसवल्या होत्या. वायर खिडकीतून मांडवात गेली होती; दिवे नि डीजेचा सगळा भार इन्व्हर्टरवर आला होता.

तिनं बटण बंद करून ती उपटली. बाहेर गाणं तुटलं, बायकांचा ओरडा झाला. कमलेश कुर्त्याच्या बाह्या सावरत आत आला.

"ओ मॅडम! फोटोवाला आलेला आहे बाहेर! काय केलंत?"

"ही वायर कुणी लावली?"

"मीच सांगितलं मांडववाल्याला. या पॉइंटची लाइट जात नाही, तुम्हीच बोललेलात ना!"

"तुमच्या वडिलांपुरतं बोललेले."

"अहो, एका दिवसाचा तर प्रश्न..."

"कमल्या," बुवा म्हणाले. आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा होता. "आता मिशिन बंद परलेलं. ही नसती तं हलदीऐवजी तिरडी सजवली असतीस."

कमलेशनं यंत्राकडे पाहिलं, मग आईकडे. सखुबाई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. तो वायर गोळा करत खिडकीपर्यंत गेला आणि तिथंच पाठमोरा उभा राहिला.

रचनानं नळी पुन्हा यंत्राला जोडली.  पिशवी उचलावी आणि सरळ घर गाठावं, असं तिला झालं.

"परत घालव बत्ती," बुवा म्हणाले.

"नको बुवा. आता लोड काढलाय. चालेल आता."

"चालंल म्हनून चालत नाय पोरी. मिठागरात बांध घातला का पानी सोडून बघायचा. नायतं रातची झोप कुनाला?" त्यांनी दम घेतला. "तुना भ्या वाटतंय. मना नाय वाटत. जा."

ती पडवीत आली. दारातून बुवा तिच्याकडेच पाहत होते. मांडवातल्या बायका एव्हाना डीजेवाचून, टाळ्यांवरच गाऊ लागल्या होत्या. डावी मूठ तिनं ओढणीत गुंडाळून घट्ट धरली आणि उजव्या हातानं मेन खाली ओढला. पंखा थांबला, यंत्र घुरघुरत राहिलं.

पुढे रघुबुवा शिमग्याच्या आदल्या दिवशी सकाळी गेले. तेव्हा वीज होती.