ओसरीवरचं अकरा नंबरचं बाकडं

मी अकरा नंबरचं बाकडं बोलतंय. नंबर माझ्या पाठीवर काळ्या रंगात आहे. घासून पाहिला, जात नाही.

मी सागाचं. ठाण्यातल्या एका कचेरीसाठी सुताराने मला ठोकलं आणि व्हरांड्यात ठेवलं. अठरा वर्षं माणसं माझ्यावर बसून पुकाऱ्याची वाट पाहत होती. सकाळी आलेला माणूस संध्याकाळी "उद्या या" ऐकून उठायचा. ताटकळत ठेवणं हा माझा धंदा, आणि तो मी चोख केला.

पेन्शनीत निघालेला माणूस कचेरीची एखादी वस्तू घरी आणतोच. कारकून त्र्यंबकरावांनी लिलावात मला उचललं. त्यांच्या पत्नी गंगूबाई मला पाहून म्हणाल्या, "बरं झालं. माझ्या बायांना बसायला होईल."

त्यांच्या बाया म्हणजे ज्यांना घडीभर टेकायला जागा नाही अशा. टाकलेल्या, विधवा, मिठागरावरून हाकललेल्या. गंगूबाई दुपारी माजघर उघडं ठेवत. आलेल्या बाईला पाणी, भाकरी, डोक्याला तेल. "तू कुणाची?" हे मात्र कोणी विचारायचं नाही. त्यापायी शेजारणींनी त्यांच्याकडचं पाणी पिणं सोडलं होतं. गंगूबाई म्हणत, "तेवढंच पाणी वाचलं."

त्र्यंबकरावांनी सांगून टाकलं होतं, "तुझं चालू दे. मला त्यात ओढू नकोस."

मला माजघरात, अगदी मधोमध मांडलं. पहिल्या दुपारी दोन बाया आल्या, माझ्याकडे बघून भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या आणि पाणीसुद्धा न पिता गेल्या. दुसऱ्या दिवशी एकच आली, तीही उंबऱ्यावरून परत. तिसऱ्या दिवशी कोणीच नाही. गंगूबाईंना वाटलं, भाकरी कडक झाली असावी.

शेवटी मालन बोलली. ती सुईण, गंगूबाईंच्या हाताखाली रोज विनामोल राबायची. "बाई, भाकरीचं काय नाय. ह्या बाकड्याचं हाय. ह्यो नंबर बगितला की बायांना वाटतं, आता कोनतरी नाव पुकारनार."

मला फार वाईट वाटलं. अठरा वर्षांत माझ्याबद्दल इतकं खरं कोणी बोललं नव्हतं. त्याच संध्याकाळी मला ओसरीवर हलवलं आणि माजघरात घोंगडी अंथरली. बाया परत येऊ लागल्या.

मग एका सकाळी सगुणा आली. वीसेक वर्षांची, माजिवड्याकडची, नवरा जाऊन सहा महिने झालेले. दिराने तिचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, शहाडच्या एका साठीच्या माणसाशी ठरवला होता. आतून तिचा आवाज मला ऐकू आला. "मना त्या म्हाताऱ्याशी पाट नाय लावायचा. खडवलीला मामा हाय. तो पाटील हाय. त्याच्या दारात पोचले की दिराचं काय चालनार नाय."

खडवलीला जायचं तर दुपारच्या आगगाडीने कल्याण गाठायचं, पुढे बैलगाडी. आगगाडीला दोन तास होते. मालनने तिला परसदाराने बाहेर काढलं, आणि तेवढ्यात दीर राघो अंगणात उभा राहिला. सोबत दोन माणसं.

"सगुना हय आलीय नं? तिला भायेर पाठवा."

स्टेशन तिथून हाकेच्या अंतरावर. तो आत्ता परत फिरला असता, तर सगुणा त्याला फलाटावरच सापडली असती.

गंगूबाई दारात आल्या. "घरधनी पूजेला बसलेत. सोवळ्यात आहेत. ते सांगतील काय ते. बसा."

राघो अंगणातच थांबणार होता. "बसा म्हटलं ना," गंगूबाई म्हणाल्या. तिघे माझ्यावर बसले. पूजेतल्या माणसाला हाक मारायची नसते, हे राघोलाही ठाऊक होतं. आणि माझ्यावर बसलेला माणूस लवकर उठत नाही, हे मला ठाऊक होतं.

पण धाकधूक मलाही होती. त्र्यंबकरावांची पूजा दहा मिनिटांची. फुलं, घंटा, संपलं.

त्या दिवशी घंटा वाजली आणि आतून विष्णुसहस्रनाम सुरू झालं. ते मी त्या घरात कधीच ऐकलं नव्हतं. हजार नावं संपली. राघो उठायला लागला. त्र्यंबकराव खाकरले आणि त्यांनी पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली.

"किती येल लागंल?" राघोने विचारलं.

"देवाचं काम आहे," गंगूबाई म्हणाल्या.

तिसऱ्या खेपेला स्टेशनाकडून गाडी सुटल्याची शिट्टी झाली. त्र्यंबकराव बाहेर आले. भुकेने चेहरा उतरलेला.

"आत्ता या घरात सगुणा नावाची कोणी बाई नाही," ते म्हणाले. शब्दन् शब्द खरा होता. राघो आत डोकावला, परसात गेला आणि शिव्या देत निघून गेला.

त्र्यंबकराव माझ्यावर येऊन बसले. "पोचेल ना गं?" त्यांनी विचारलं.

आठवड्याने खडवलीहून तांदळाची गोणी आली.

त्यानंतर कोणी पुरुष बाईला शोधत अंगणात आला, की त्र्यंबकराव आपणहून सोवळं नेसत. एकदा दिवसात तीन पूजा झाल्या. देवालाही नवल वाटलं असेल.

आता ते दोघेही नाहीत. सून माजघर उघडं ठेवते. माझ्या एका पायाखाली वीट आहे. बाई, तू जर दारापर्यंत आलीस आणि माझा नंबर दिसला, तर परत फिरू नकोस. मी तुझ्यासाठी नाही. तू सरळ आत जा. तुझ्या मागून जो येईल, त्याला मी बसवून घेतो.