वळणावरच्या चार काठ्या

आमच्या खोऱ्यात रस्त्याच्या काठीला कुणी हात लावत नाही. पोरं दारू पिऊन कुंपणं मोडतात, एकमेकांच्या होड्या सोडून देतात, पण काठीला हात नाही. ऑक्टोबरात जमीन गोठायच्या आधी प्रत्येक घरानं आपल्या हद्दीतल्या रस्त्याच्या कडेला बर्च झाडाच्या उंच काठ्या रोवायच्या, ही जुनी वाटणी. एकदा जमीन गोठली की ती काठी मे महिन्यापर्यंत हलत नाही. मग बर्फ पडतो. रस्ता, कुरण, घळ सगळं एकसारखं होतं, आणि बर्फ लोटणारा ट्रक त्या काठ्यांच्या भरवशावर चालतो. काठी दिसली नाही तर थांबायचं आणि खाली उतरायचं. दिसली तर स्वतःच्या डोळ्यांपेक्षा तिच्यावर विश्वास ठेवायचा. तिथं रस्त्याची कड, बास.

माझ्या धाकट्या भावानं, तोर्ग्रीमनं, वळणावरच्या आमच्या चार काठ्या दीड हात बाहेर रोवल्या होत्या. एकोणऐंशी सालच्या जानेवारीत, वादळाच्या तिसऱ्या सकाळी मला ते कळलं.

आम्ही दोघं भावंडंच घरात, मी थोरली. मी लग्न केलं नाही, त्याची बायको शहरात निघून गेली. घराच्या वरच्या अंगाला रस्ता, आणि रस्ता जिथं वळतो तिथं पलीकडे घळ. खाली ओढा आहे, पण तो बर्फ वितळताना ऐकू येतो फक्त. दिसत नाही, इतका खोल. घळीच्या तोंडाशी गवताची एक जाड झालर पुढे आलेली आहे. बर्फ पडला की तीही रस्त्यासारखीच दिसते. तिच्या खाली काही नाही.

ट्रक चालवायचा आस्लाक. शाळेत माझ्याच वर्गात होता, तीस वर्षं हाच रस्ता. आदल्या हिवाळ्यात त्यानं बर्फ उडवायचं यंत्र लावून वळण साफ केलं, आणि तो सगळा बर्फ आमच्या गोठ्याच्या छपरावर पडला. छप्पर बसलं. आत चौदा मेंढ्या होत्या, सगळ्या गाभण. तोर्ग्रीमनं नऊ बाहेर ओढून काढल्या, त्या मोडलेल्या पण जिवंत होत्या, म्हणून त्यालाच सुरी चालवावी लागली. पाच आत गुदमरल्या. सुरी हातात तशीच घेऊन तो रस्त्यावर गेला. मी मागून जाऊन सुरी काढून घेतली, पण दुसऱ्या हातातलं फावडं राहिलं. फावड्यानं त्यानं आस्लाकचा डावा कान फाडला. आस्लाकनं त्याचे पुढचे दोन दात पाडले. नगरपालिकेनं पत्र पाठवलं की गोठा रस्त्याला फार जवळ आहे.

हे एवढ्यावर मिटलं असतं. आमच्याकडे माणसं मारामाऱ्या विसरतात. पण मे महिन्यात, राष्ट्रदिनाच्या मिरवणुकीनंतर कॉफी पिताना कुणीतरी गोठ्याचा विषय काढला, आणि आस्लाक म्हणाला, "मेंढ्यांना थंडी वाजत होती म्हणे. मी दुलई घातली."

सगळे हसले. तोर्ग्रीम हसला नाही. त्यानं कप ठेवला आणि घरी चालत आला.

मी रोज पहाटे उठून खिडकीशी बसते, स्तोत्र वाचते, गुडघे टेकते. ते होईपर्यंत कुणाशी बोलायचं नाही आणि तोंडात घास घालायचा नाही, असं आई गेली तेव्हापासून ठरवलेलं. त्या वर्षभर मी रोज आस्लाकला क्षमा करत होते. क्षमा मला सोपी जात होती. माझे दात शाबूत होते.

तर वादळाची तिसरी सकाळ. नऊ वाजत आले होते, जानेवारीत आमच्याकडे उजाडतंच तेव्हा, खिडकीत निळसर उजेड. वारा क्षणभर पडला आणि वरचं वळण दिसलं. टेलिफोनचा खांब दिसला, आणि काठ्या खांबाच्या पलीकडे दिसल्या. मी डोळे मिटले, पुन्हा उघडले. दरवर्षी आम्ही दोघं काठ्या रोवायचो. तो पहारीनं भोक पाडायचा, मी खांबापासून पावलं मोजायची. काठी नेहमी खांबाच्या अलीकडे. या ऑक्टोबरात तो म्हणाला होता, "तू तुझी लोणची बघ, मी एकटा करतो." या वादळापर्यंत बर्फ असा पडलाच नव्हता, आणि वादळात ट्रक अजून आला नव्हता. रस्ता उघडा असताना काठ्यांकडे कोण बघतं?

प्रार्थना अर्धी सोडून मी उठले.

तोर्ग्रीम स्वयंपाकघरात पावाला चीज लावत होता.

"काठ्या कुठं रोवल्यास?"

"आमेन झालं का तुझं? आज लवकर."

"तोर्ग्रीम, काठ्या."

तो चावत राहिला. "रुततील चाकं. बसेल दोन तास बर्फात. सगळ्या खोऱ्याला कळेल की आस्लाकला रस्ता सापडत नाही. मग मी कॉफीचा थर्मास घेऊन वर जाईन आणि विचारीन, दुलई हवी का."

"तिथं झालर आहे. खाली घळ आहे."

"त्याला माहीत नाही का? तीस वर्षं चालवतोय."

"तो काठी बघतो. तूही काठीच बघितली असतीस."

त्यानं चीजची सुरी खाली ठेवली. मी त्याला ओळखते. चाकं नुसती रुतणार नाहीत हे त्याला ऑक्टोबरातच माहीत होतं.

दुरून खालच्या पुलाशी ट्रकच्या बर्फ लोटणाऱ्या पात्याची घरघर ऐकू आली. पुलापासून वळणापर्यंत वीस मिनिटं, असल्या बर्फात पंचवीस.

मी बूट घालायला लागले तसा तो दाराशी जाऊन उभा राहिला. "बस तू."

"बाजूला हो."

"ताई, बस. देवानं तुला काही विचारलं तर सांग, तोर्ग्रीमनं अडवलं."

मी त्याला ढकललं. त्यानं माझे दोन्ही खांदे धरून मला भिंतीवर आपटलं. डोकं आपटलं, कप फुटले. तेवीस वर्षं आम्ही एका घरात राहत होतो, त्यानं आवाजही चढवला नव्हता. माझा हात चुलीवर गेला, तिथं कॉफीची लोखंडी किटली होती, भरलेली. मी ती त्याच्या तोंडावर मारली. गालाचं हाड वाजलेलं मला ऐकू आलं आणि मग उकळती कॉफी त्याच्या मानेवरून सदऱ्यात गेली. तो गुरासारखा ओरडला आणि खाली बसला. मी त्याला ओलांडून गेले. ओसरीतून कुऱ्हाड घेतली.

वर चढायला एरवी पाच मिनिटं. त्या दिवशी बर्फ कमरेपर्यंत होता, पाय उचलायचा म्हणजे मांडी हातानं ओढायची. वारा पुन्हा सुटला होता आणि तोंडात वाळूसारखा बर्फ भरत होता. रस्त्यावर पोचले तेव्हा घसा फाटल्यासारखा झाला होता.

काठ्या उपटून निघणार नव्हत्या. तोडायच्या. काठी नसली की आस्लाक थांबणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पहिली दोन घावांत तुटली. दुसरीला पाच लागले. गोठलेला बर्च लोखंडासारखा होतो, कुऱ्हाड उसळून माझ्या नडगीला लागली. मोजा गरम झाला, मी बघितलं नाही. तिसरीशी असताना मागून तोर्ग्रीम आला. अर्धा चेहरा सुजून लाल, डोळा मिटलेला.

त्यानं मला कंबरेला धरून मागे ओढलं. आम्ही दोघं पडलो. मी कोपर मारलं, त्यानं माझं मनगट पिरगाळलं, मी त्याच्या हाताला चावले. साठीची बाई मी, रविवारी प्रार्थनाघरात सगळ्यांना कॉफी देणारी. तोंडात रक्ताची चव होती आणि ती माझ्या भावाची होती.

"इथं मरशील, मूर्ख बाई," तो म्हणाला. "त्याला तू दिसणार नाहीस."

"मग तू तोड."

त्यानं नकाराची मान हलवली. मी सुटले, तिसरी काठी तोडली. कुऱ्हाड हातातून निसटली आणि बर्फात गेली. तेवढ्यात खालच्या बाजूला दोन पिवळे दिवे दिसले, धुरकट, आणि जमीन थरथरायला लागली.

चौथी काठी वळणाच्या ऐन मध्यावर होती. कुऱ्हाड शोधायला वेळ नव्हता. मी जाऊन त्या काठीला दोन्ही हातांनी धरून उभी राहिले. पायाखाली गवताची झालर होती, मला ते माहीत होतं.

"ताई, सोड ती."

"काठी राहिली तर मीही राहते."

"तो काठी धरून येणार."

"येऊ दे."

तो शिव्या देत गुडघ्यांवर बसला आणि बर्फात हात घालून शोधायला लागला. कुऱ्हाड सापडली. आस्लाकसाठी त्यानं काही केलं, असं मी कधी म्हणणार नाही. माझ्यासाठी केलं. तीन घाव, तिसरा माझ्या बोटांच्या इतका जवळ की हातमोजा कापला. काठी गेली, आणि मला त्यानं केसांना धरून आतल्या बाजूला ओढलं.

ट्रक दहा पावलांवर थांबला. समोर काठी नव्हती म्हणून.

आस्लाक पहार घेऊन उतरला. दिव्यांच्या उजेडात त्याला काय दिसलं असेल? तुटलेले चार बुंधे, तोर्ग्रीमच्या हातात कुऱ्हाड.

"रस्त्याच्या काठ्या तोडतोस?" तो हळू आवाजात म्हणाला. "माझ्या मागे सुईण आहे, हरामखोरा. वरच्या वाडीवर बाळंतीण अडली आहे."

त्यानं पहार फेकली आणि मुठीनं मारलं. तोर्ग्रीमच्या सुजलेल्या गालावरच बसली. तो पडला आणि उठला नाही.

"काठ्या चुकीच्या जागी होत्या," मी म्हणाले. "दीड हात. पहार घाल तिथं आणि बघ."

आस्लाकनं माझ्याकडे बघितलं, मग पहार उचलली आणि चौथ्या बुंध्याच्या अलीकडे खुपसली. पहार झालरीतून गेली, त्याचा हात कोपरापर्यंत बर्फात गेला, आणि मग त्याच्या हातून पहार सुटली. आम्ही तिघंही ऐकत राहिलो. खाली पडल्याचा आवाज आला नाही.

आस्लाक सरळ झाला. मग ट्रकमधून फावडं आणलं. सपाट बाजूनं तोर्ग्रीमला मारायला लागला, पाठीवर, खांद्यावर, बोलता बोलता. "मला. दोन पोरं. आहेत." तोर्ग्रीमनं हात वर केला नाही. सातव्या का आठव्या फटक्याला मी फावड्याचा दांडा धरला. त्यानं मलाही झटकलं. मी पुन्हा धरला.

मागच्या गाडीची काच खाली झाली. सुईण बोर्गहिल्ड, सत्तरीची, तोंडात सिगारेट. "काय चाललंय ते संध्याकाळी पुरं करा. मूल वाट बघणार नाही. रस्ता आहे की नाही?"

"काठ्या नाहीत," आस्लाक म्हणाला.

"मग माणूस पुढे चालवा. आमच्या वेळी माणूसच चालायचा."

मला फक्त खांबाजवळची पावलं पाठ होती. वळणभर कड नेमकी कुठं होती ते एकाच माणसाला चुकल्याशिवाय सांगता आलं असतं, कारण ती त्यानंच हलवली होती. तोर्ग्रीम उठला. तोंडातून रक्ताची तार लोंबत होती. त्यानं एक तुटकी काठी उचलली आणि ट्रकच्या पुढे, घळीच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

आस्लाक मला म्हणाला, "चढ वर." मी त्याच्या शेजारी बसले.

वळण सत्तर पावलांचं आहे. तोर्ग्रीम काठी टोचत चालायचा, थांबायचा, पुन्हा टोचायचा. त्याच्या टाचांमागे दोन हातांवर पातं. आस्लाकनं पायाला जरासा जोर दिला असता तर काम झालं असतं, आणि नंतर तो पाय घसरला म्हणाला असता. कुणी विचारलंही नसतं. मी त्याच्या पायाकडे बघत होते. तो तोर्ग्रीमच्या पाठीकडे बघत होता. फाटलेला कान माझ्या बाजूला होता, कडा पांढऱ्या पडलेल्या.

मध्यावर ट्रक पुढे उसळला. पात्यानं तोर्ग्रीमच्या पोटऱ्यांना धक्का दिला, तो गुडघ्यांवर गेला. ट्रक थांबला. आस्लाकचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

"माझा पाय घसरला नाही," तो म्हणाला. "तुला सांगून ठेवतो, हाल्डिस. मी मुद्दाम केलं."

"बघितलं मी," मी म्हणाले.

"गोठ्याचंही."

वर्षभर क्षमा करत होते ती कशाची, ते आत्ता कळत होतं, आणि क्षमा करावीशी वाटत नव्हती.

तोर्ग्रीम उठला होता. मागे वळून न बघता पुढे चालू लागला. आस्लाकनं या वेळी चार हातांचं अंतर ठेवलं.

वळण संपलं. पुढे शेजाऱ्यांच्या हद्दीतली काठी दिसली, लाल पट्टीची, जागच्या जागी. तोर्ग्रीम बाजूला झाला नाही. वळला आणि पात्याकडे तोंड करून उभा राहिला, हात खाली सोडून. वाट बघत होता. आस्लाकनं भोंगा वाजवला. तो हलला नाही.

मी दार उघडून उतरले आणि भावाच्या शेजारी जाऊन उभी राहिले. त्याच्या सदऱ्याला अजून कॉफीचा वास येत होता.

आस्लाकनं खिडकीतून डोकं काढलं. "दोघंही व्हा बाजूला. बाई बाळंत व्हायचीय तिकडं."

आम्ही डोंगराच्या बाजूच्या बर्फात सरकलो. ट्रक जवळून गेला आणि पात्याचा सगळा बर्फ आमच्यावर पडला, छातीपर्यंत, ढेकळांसकट. एक ढेकूळ माझ्या कानशिलावर बसलं. मागून बोर्गहिल्डची गाडी गेली. तिनं सिगारेट धरलेला हात वर केला. आम्हाला बाहेर निघायला पाव तास लागला. आधी मी निघाले, मग नखांनी उकरून त्याला काढलं.

घरी आल्यावर मी फुटलेले कप गोळा केले, त्याच्या मानेला चरबी लावली, माझी नडगी बांधली. मग फोनपाशी गेले आणि पोलीस ठाण्याचा नंबर फिरवला. तोर्ग्रीम बाकावर बसून माझ्याकडे बघत होता. अडवलं नाही.

पलीकडून पोलीस म्हणाला, "कोण बोलतंय?"

तोर्ग्रीम उठून आला, माझ्या हातातून रिसीव्हर घेतला आणि ओठ फाटलेले असल्यामुळे हळूहळू आपलं नाव सांगितलं.